धुकेश्वराचं धुकं

शेजारच्या शिंप्यानं त्याचं नाव धुकेश्वर ठेवलं आणि ते असं चिकटलं की रागाच्या भरात बायकोच्या तोंडीही तेच येऊ लागलं. पोटापाण्यासाठी त्याचा फोटो स्टुडिओ होता. अर्धी खोली, मागे पांढरा पडदा, एक फिरतं स्टूल, आणि आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा. लोक पासपोर्टचे फोटो काढायला येत, आणि हा त्यांना असा वागवी, जणू ते उसने मागायला आलेत. "हनुवटी खाली. आणखी खाली. हसू नका, लग्नाचा फोटो नाहीये." माणसाचा चेहरा म्हणजे त्याच्या मते लेन्स खराब करणारी वस्तू. घर त्याच चेहऱ्यांवर चालत होतं, पण खाल्ल्या घरचे वासे मोजायची त्याला जुनीच सवय.

त्याची खरी कला म्हणे जंगल. तेही साधं जंगल नाही, धुक्यातलं, उदास, गूढ वगैरे. रविवारी पहाटे तो ट्रायपॉड खांद्यावर टाकून गावाबाहेरच्या टेकडीवर जाई. चहाचा थर्मास बायकोनं भरलेला, चढ चढताना शिव्या मात्र तिलाच, कारण साखर जास्त पडली. धुकं काही दर रविवारी याच्या सोयीनं पडत नसे. त्याला त्याची फिकीर नव्हती. घरी येऊन तो कॉम्प्युटरवर बसे, पांढरा ब्रश घेई आणि झाडाझाडांच्या मधे धुकं पसरत जाई. हिरवा रंग मारून टाकी. "हिरवा रंग भाजीवाल्याचा," असं तो म्हणे. सावल्या काळ्या करी, एखादं झाड आडवं येत असेल तर तेही पुसून टाकी. मग खाली 'एकांत' किंवा 'मौन' असलं काहीतरी लिहून फोटो इंटरनेटवर टाकी, आणि त्याच्यासारखेच चार रिकामटेकडे 'काय मूड आहे!' म्हणून माना डोलावत.

धाकट्या भावाची नर्सरी नेमकी त्या टेकडीच्या पायथ्याशी, जंगलाला लागून होती. हिरव्या जाळीच्या शेड, पिशव्यांतली रोपं, पाण्याची निळी टाकी. टेकडीवरून कुठूनही कॅमेरा लावा, ती टाकी फोटोच्या मधोमध. प्रत्येक फोटोतून भावाची नर्सरी पुसणं हे धुकेश्वराचं एका संध्याकाळचं काम असे. एकदा त्यानं भावाला सरळ सांगितलं, "तुझी ती टाकी दुसरीकडे हलव ना. फोटोची वाट लागते." भाऊ हसला. पण दोन दिवसांनी त्यानं टाकीला हिरवा रंग दिला. धुकेश्वर बघून म्हणाला, "हा हिरवा चुकीचा आहे."

तरी भावाचं दादावर प्रेम आंधळं. गिऱ्हाईक रोप घ्यायला आलं की तो आधी मोबाइलवर दादाचे फोटो दाखवी. "माझे दादा कलाकार आहेत," असं तो ज्या चेहऱ्यानं सांगे, तो चेहरा जगात दुसऱ्या कुणी धुकेश्वराकडे बघून कधी केला नव्हता. धुकेश्वराला ते ठाऊक होतं. वरवर तो भावाला 'पिशवीतल्या झाडांचा मालक' म्हणून हिणवायचा, आणि आतून त्याच एका कौतुकावर जगायचा.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी त्याला उठायलाच उशीर झाला. टेकडीवर पोचला तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. खापर बायकोवर फोडून तो परत फिरणार, एवढ्यात खालच्या घळीतून पांढरं काहीतरी वर येऊ लागलं. दाट, संथ, झाडांच्या बुंध्यांतून वाट काढत. आणि ते पसरलं कुठे, तर नेमकं त्या शेडवर, त्या टाकीवर. दोन्ही दिसेनाशी झाली. धुकेश्वराला आनंदानं रडू यायचं बाकी राहिलं. इतकी वर्षं जे त्यानं हातानं पुसलं, ते आज निसर्गानंच पुसून दिलं होतं! त्यानं फोन बंद केला आणि फोटो काढत सुटला. धुक्याला तळाशी तांबूस झाक होती. ती त्यानं उन्हाच्या माथी मारली. जळका वास येत होता. त्याबद्दल त्यानं सहलीला येणाऱ्या अडाण्यांना शिव्या घातल्या. नाक बिचारं परोपरीनं सांगत होतं, पण हा गडी डोळ्यांचंसुद्धा ऐकणाऱ्यातला नव्हता.

टेकडीच्या पलीकडच्या पायवाटेनं उतरून घरी आला तर बायको दारातच उभी. "अहो, फोन का बंद तुमचा? भावजींची नर्सरी जळाली."

भाऊ रोपं पोचवायला टेम्पोतून लांब गेला होता. रस्त्याकडेला कुणीतरी वाळलेलं गवत पेटवलं, ठिणगी उडाली, जाळीनं पेट घेतला. एका ट्रकवाल्याला दिसलं तेव्हा बंब आला. थोडं आधी कुणी कळवलं असतं तर निम्मी रोपं वाचली असती, असं बंबावरचा माणूस म्हणाला. बायको हे सांगता सांगता थांबली. तिनं त्याच्या जॅकेटची बाही हातात घेतली आणि हुंगली.

"तुम्ही वर होतात."

"धुकं होतं," तो म्हणाला.

"भावजींना सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन."

तो भावाकडे गेला खरा. काळ्या पडलेल्या जमिनीवर भाऊ उकिडवा बसला होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून धुकेश्वर बराच वेळ उभा राहिला, तोंडानं चकार शब्द काढला नाही. भावाला वाटलं, दादाला दुःखानं बोलवेना. बायकोला मात्र तो रोज 'आज सांगतो, उद्या सांगतो' करत राहिला. रोपं जळाल्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण त्याहून मोठी भीती एकच होती, की भावाचा तो चेहरा बदलेल.

अशा माणसानं निदान ते फोटो तरी पुसून टाकावेत की नाही? रोज झाडं पुसणाऱ्याला, टाक्या पुसणाऱ्याला हे एक पुसवेना. कारण त्यातला एक फोटो त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला होता. त्याला फक्त तांबूसपणा नडत होता. एका संध्याकाळी तो बसला आणि रंगांची पट्टी हळूहळू सरकवत त्यानं धुराचं धुकं करून टाकलं. गार, निळसर, शांत. मोठा करून छापला, आणि गावातल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं तेव्हा दारासमोरच लावला. नाव दिलं 'शांतता'.

भाऊ आता दुसऱ्याच्या नर्सरीत मजुरी करत होता. तिथून सुटल्यावर नखांतली माती तशीच घेऊन तो प्रदर्शनाला आला आणि त्याच फोटोपुढे थांबला.

"दादा, ही आपली टेकडी ना! कधीचा रे हा?"

"जुना आहे. आगीच्या आधीचा."

"म्हणजे माझं सगळं या धुक्याखाली आहे." भावाचे डोळे भरून आले. "माझ्याकडे तिथला एकसुद्धा फोटो नाही बघ. कधी सुचलंच नाही. हे प्रदर्शन संपल्यावर मला देशील?"

"देईन की," धुकेश्वर म्हणाला. जीभ जराही अडखळली नाही.

बायको मागे खुर्च्या लावत होती. हातातली खुर्ची तिनं खाली ठेवली.

"भावजी, तो घेऊ नका. ते धुकं नाही. त्या दिवशीचा धूर आहे तो. हे वरून फोटो काढत होते. धुराच्या वासाचं जॅकेट मी धुतलंय."

भाऊ आधी हसला, वहिनी थट्टा करताहेत असं वाटून. मग त्यानं दादाकडे पाहिलं.

"दादा?"

"मला धुकं वाटलं," धुकेश्वर म्हणाला. हे अगदी खरं होतं, पण आजवरच्या त्याच्या सगळ्या थापांपेक्षा ते जास्त खोटं वाटलं.

"उन्हाळ्यात? भर उन्हात?"

"वाटलं रे."

 भाऊ अजूनही दादाची बाजू शोधत होता. "बरं, वाटलं असेल. तुला वाटू शकतं तसं. पण मग घरी आलास, वहिनींनी सांगितलं, तुला कळलं. त्यानंतर? त्यानंतर काय केलंस?"

धुकेश्वरानं फोटोकडे पाहिलं.

"थोडा निळा केला," तो म्हणाला.