देवीशी केलेली घासाघीस

नवरा होडीसकट बुडाला त्या वर्षापासून वरळीच्या आमच्या कोळीवाड्यातल्या देवीशी माझं बोलणं बंद होतं. त्याच्यासाठी केलेला नवस तिनं ऐकला नव्हता. डोक्यावर मासळीची टोपली घेऊन सुरुवात केली, दादरच्या बाजारात स्वतःचा गाळा घेतला, मुलाला वाढवलं. पण देवळाची पायरी चढले नाही.

मुलगा फौजेत गेला. सीमेवर लढाई पेटली आणि तुकडी निघायच्या वेळी तो तळावरच कोसळला. ऊन लागलं, असं त्यानं सांगितलं. तपासणीसाठी त्याला मुंबईच्या लष्करी इस्पितळात पाठवलं. ते ऊन नव्हतं, हे मला ठाऊक होतं. गेल्या सुट्टीत घरी त्याला फिट आली होती आणि कोणाला सांगायचं नाही अशी शपथ त्यानं मला घातली होती. पहाऱ्यावर बंदूक हातात असताना तसंच झालं तर? आजारी म्हणून त्याला फौजेनं घरी सोडावं, एवढंच मला हवं होतं. त्याला मात्र सोबत्यांकडे परत जायचं होतं.

शपथ मोडून मी इस्पितळातल्या डॉक्टरबाईंना फिटचं सांगितलं. "किती वेळा येते?" त्यांनी विचारलं. जन्मभर मी भाव चढवूनच सांगत आले. समोरचा पाडतो, मग सौदा पटतो. त्याच सवयीनं म्हणाले, "रोज. कधी दोनदा."

"इथं तर एकदाही आली नाही," बाई म्हणाल्या. "आई, लढाईच्या दिवसांत असं सांगणारे पुष्कळ येतात."

मुलानं तोंड फिरवलं. "आये, पळपुटा ठरवलंस मला."

रागानं तशीच देवळात गेले. आमच्याकडे कौल लावतात. देवीच्या दोन्ही अंगांना कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी म्हटलं, "पोराला सोडव, चांदीचा हार देईन." कळ्या हलल्या नाहीत. "बरं, सोन्याची नथ. आता याच्या वर नाही."

मागून एक मालवणी म्हातारी म्हणाली, "गो बाय, देवीक पापलेटा विकतंस काय? खरा काय ता सांग नि गप रव."

माझ्या तोंडाला लागायची बाजारात कोणाची हिंमत नाही. पण तिचं मी ऐकलं. हात जोडले आणि म्हणाले, "मला भीती वाटते गं." उजवी कळी पडली.

सकाळी बाईंना सांगितलं, "काल चढवून बोलले. मी एकदाच पाहिलंय." जाळं विणता विणता त्याची मान डावीकडे कशी वळली, हात कसा झटके देत होता, जीभ चावली गेली, शुद्धीवर आल्यावर त्यानं मला ओळखलं नाही, सगळं करून दाखवलं. बाईंनी नव्यानं तपासण्या करायला घेतल्या. त्यांत दुखणं सापडलं आणि वैद्यकीय मंडळानं त्याला फौजेतून मोकळं केलं.

काही दिवस तो रुसला. आता औषधं वेळेवर घेतो, गाळ्यावर बर्फाच्या पेट्या रांगेत लावायला लावतो आणि मी उशिरा पोचले तर मलाच दरडावतो.

नथ वाहिली. सोनाराशी भरपूर हुज्जत घातली. तिथं देवीची हरकत नसावी. ती म्हातारी स्वतः कशासाठी कौल लावायला आली होती, हे विचारायचं मात्र राहून गेलं. दिवा लावताना तिच्यासाठीही हात जोडते. नवऱ्यावरून देवीशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. पण आता तिच्यासमोर बसून भांडते, आणि जे आहे तेच सांगते.