नाकतोड्याची सपाट रेघ

शेजाऱ्यांच्या दारावर नावाची पाटी आहे, पण सगळा मजला त्यांना नाकतोडाच म्हणतो. नाव मीच ठेवलं, कारण हे गृहस्थ प्रयोगशाळेत यंत्रांसाठी नाकं बनवतात. कार्बनच्या नळ्या, केसाहून हजारो पटींनी बारीक, काचेच्या कपचीवर पसरायच्या. हवेतला वायू त्यांना चिकटला की त्यातून जाणारी वीज कमीजास्त होते आणि पडद्यावर रेघ उठते. त्यांच्या स्वतःच्या दारात मात्र मांजरसुद्धा थांबत नाही. हुंगायला काही नाही ना.

कामापायी त्यांनी सगळे वास सोडले. साबण बिनवासाचा, जेवण कँटीनमध्ये. बायको होती तेव्हा तिच्या पावडरीवरून कुरकुर चालायची, "कपड्यांना लागते, माझं माप चुकतं." ती बिचारी गॅलरीत उभी राहून पावडर लावायची. ती गेली, आणि घर विसळून ठेवलेल्या बरणीसारखं झालं.

परवा त्यांचं दार उघडं दिसलं. माझ्यासारख्याला तेवढं पुरे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक डबी, शेजारी लॅपटॉप, आणि हे त्याकडे टक लावून बसलेले.

"काय हो, मॅच आहे का?"

"मेलंय हे यंत्र," ते म्हणाले. "प्रयोगशाळेत चाललं, म्हणून आठवडाभर घरी लावून बघतोय. अमोनिया, नासलेलं अन्न, सगळं ओळखायला हवं. रेघ जागची हललेली नाही. साहेब म्हणतात, सोमवारी हेच दिसलं तर काम बंद आणि तुम्ही स्टोअरमध्ये."

"बरंय की. खोक्यांवर बसून डुलक्या काढा," म्हणत मी वाकून बघितलं. रेघ सरसर वर चढली.

नाकतोडा माझ्याकडे बघायला लागला. आधी तोंडाकडे, मग डोक्याकडे.

"केसांना काय लावलंय?"

"तेल."

"तेलात अमोनिया नसतो."

आता आली का पंचाईत. माझे केस जन्मजात काळे, असं मी या मजल्यावर वर्षानुवर्षं सांगत आलोय. म्हटलं, "कुठे बोलू नका." ते चक्क हसले. हसता हसता त्यांची नजर घरभर फिरली. कोरडी शेगडी, रिकामी केराची बादली, पालथा घातलेला एकच पेला.

"म्हणजे यंत्र बरोबरच होतं," ते म्हणाले. "इथे ओळखण्यासारखं काही नव्हतं."

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "ही रेघ खाली कधी येते?"

"डबीतला हा जांभळा दिवा लावला की चिकटलेलं सुटतं. नाहीतर बराच वेळ जातो."

"मग लावा की."

"असू दे," म्हणत त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरची धूळ हाताने पुसली आणि ती माझ्याकडे सरकवली.

बसलो. दोघं रेघ बघत होतो. साहेबांना ते हीच रेघ दाखवणार होते; माझं नाव घालायचं नाही, एवढं कबूल करून घेतलं.

निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले.

"पुढच्या रविवारी या."

"पुन्हा डाय करून?"

"नको. तसेच या."