कॉम्प्रेसर टक् म्हणेना

आमच्या घरात दोषांची एक वही होती. मालक, म्हणजे माझे यजमान, ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. तिथली सगळी शिस्त त्यांनी घरी आणली होती, फक्त वस्तू एकही आणली नाही, साधा स्क्रूसुद्धा नाही. मिक्सर बंद पडला की वही निघायची. दोष काय, कारण काय, उपाय काय आणि शेवटचा रकाना, चूक कोणाची. त्या रकान्यात वर्षानुवर्षं 'सौ.' एवढंच लिहिलेलं असायचं. मी शाळेत विज्ञान शिकवते, चाळीस पोरं माझ्यापुढे चूप बसतात, आणि घरी मी म्हणजे इस्त्रीची वायर जाळणारी सौ. डोकं फिरायचं माझं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. आम्ही एक जुनी गाडी घेतली होती. आधी ज्याची होती त्यानं तिच्यात एसी बसवून घेतलेला. कॉलनीत तेवढी एकच थंड गाडी, त्यामुळे उन्हाळ्यात लोक उगाच विचारपूस करायला यायचे. दसऱ्यानंतर थंडी पडली आणि तो एसी कुणी लावलाच नाही.

एप्रिलात माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नाशिकला झालं. डावा डोळा तिचा आधीच गेलेला, हा उजवा एकच उरलेला. आम्ही दोघं दिवसभर कामावर, म्हणून तिला सोमवारी दवाखान्यातून थेट विंचूरला माझ्या भावाकडे न्यायचं ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, "धूळ नको, वारा नको, पट्टीखाली घाम तर अजिबात नको. टाके ओले आहेत." एप्रिलात विंचूरचा रस्ता म्हणजे कांद्याच्या गाड्या, धुरळा आणि उडणारी टरफलं. काचा बंद ठेवायच्या तर आत भट्टी. मी म्हटलं, चिंता कसली, एसी आहे की.

रविवारी सकाळी लावून पाहिला, तर गरम हवा. पंखा जोरात चालतोय, पण गारवा शून्य.

ओळखीच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्यानं आत डोकावून पाहिलं न पाहिलं आणि म्हणाला, "कॉम्प्रेसर गेला, ताई. नळ्या खोलतो, काढून घेतो. मुंबईहून दुसरा यायला पंधरा दिवस."

आईचा तो एक डोळा आणि पंधरा दिवस! पण मला एक खोड आहे, समजल्याशिवाय मी कशाला हात लावू देत नाही. मी म्हटलं, "नळ्या नंतर. आधी मला सांगा, गार करतो कोण?"

गॅरेजवाला वैतागून चहाला गेला. मालक मात्र खुलले. त्यांना शिकवायला आवडतं, फक्त मला शिकवायची संधी कधी मिळत नाही. इंजिन चालू ठेवून त्यांनी दाखवलं, "हा पट्टा पुली फिरवतो. पुली कायम फिरते. तिच्यापुढे ही गोल चकती आहे ना, ती थांबलेली असते. एसीचं बटण दाबलं की आतलं लोहचुंबक चकतीला ओढून पुलीला चिकटवतं. टक् असा आवाज येतो. मग कॉम्प्रेसर फिरतो."

"आता दाबलंय ना बटण?"

"दाबलंय."

"मग टक् कुठे आहे?"

त्यांनी मग दोन वायरी लावलेला छोटा बल्ब आणून चुंबकाच्या तारेला लावला. लख्ख पेटला. म्हणजे वीज पोचतेय, चुंबक ओढतंय, आणि चकती हलत नाही. मला तर वर्गात प्रयोग करतेय असंच वाटायला लागलं, आईची काळजीसुद्धा घटकाभर विसरले. मी म्हटलं, "अहो, मधे काहीतरी अडकलं असेल."

"त्या फटीत? दोन पोस्टकार्डं जेमतेम जातील."

इंजिन बंद करून त्यांनी पोस्टकार्डं आणली. एकसुद्धा जाईना. मी केसांतला आकडा काढला आणि फटीत घालून हळूच ओढला. काळपट, चिकट असं काहीतरी बाहेर आलं. ओढत गेले तसं येतच गेलं, पुलीभोवती गच्च गुंडाळलेला दुहेरी जाड दोरा. थोड्या थोड्या अंतरावर गाठ, एकीत झेंडूची वाळलेली पाकळी.

मी तिथंच थांबले. फुलामागे गाठ मारायची पद्धत आमच्या आईची. एक फूल तुटलं तरी माळ सुटू नये म्हणून. दसऱ्याला ती आमच्याकडे होती. तेव्हाच तिला नीट दिसत नव्हतं, बोटांनी चाचपून तिनं माळ ओवली होती, पुडीच्या जाड दोऱ्यात. "आतल्या मशीनलाबी घाल, तेच तर काम करतंय," म्हणाली. मी बॉनेट उघडून ह्याच कॉम्प्रेसरवर घातली. गाडी सुरू केली तशी फुलं चहूकडे उडाली आणि आम्ही पोट धरून हसलो होतो. मालकांनी फुलं वेचून टाकली होती. दोरा कुठे गेला, कुणीच विचारलं नव्हतं.

त्यांनी दोरा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. फट पेट्रोलच्या फडक्यानं पुसली, दोन पोस्टकार्डं सरकवून पाहिली, इंजिन लावलं, बटण दाबलं.

टक्.

सोमवारी आईला मागच्या सीटवर माझ्या खांद्याला टेकवून बसवलं. निफाडच्या पुढे कांद्याच्या गाड्यांच्या धुरळ्यानं आभाळ भरलं होतं, आणि आत पट्टी कोरडी ठणठणीत. मी दर पाच मिनिटांनी बोट लावून बघत होते.

"लय गार हाय गं," आई म्हणाली. "काल बंद व्हतं म्हणे? काय झालं व्हतं, जावईबापू?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पुढून आवाज आला, "काही नाही, आई. पट्टा सैल झाला होता."

हा माणूस दोषाबद्दल खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकला.

"आता दिसाया लागलं की दसऱ्याची माळ मीच ओवीन," आई म्हणाली.

"तुम्हीच ओवा," ते म्हणाले.

संध्याकाळी परत आल्यावर मी वही उघडली. काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय मला चैन पडेना. कारण, माळेचा दोरा. त्याखाली एक ओळ होती. कारखान्यात विमान सोडण्याआधी सगळी हत्यारं मोजून परत ठेवतो, घरी फुलं उचलली आणि दोरा मोजला नाही.

चूक कोणाची, ह्या रकान्यात त्यांनी सवयीनं 'सौ.' लिहिलं होतं, मग ते खोडून पुढे लिहिलं होतं, 'स्वतःची'.