सात सेकंदांचा दम

अकरा वर्षं मी पाण्याच्या तक्रारी घेणाऱ्या फोनवर बसले. पनवेलमधलं एक कार्यालय, पहिल्या मजल्यावरची खोली, आम्ही तिघीजणी आणि तीन फोन. सकाळी सातला पहिली रिंग वाजायची, ती तीनला माझी ड्यूटी संपेपर्यंत वाजतच राहायची. पाणी आलं नाही. आलं, पण वास येतोय. आलं, पण तिसऱ्या मजल्यावर चढत नाही. टँकर सांगून दोन दिवस झाले. माझं काम तक्रार लिहून घेणं आणि पुढे पाठवणं, एवढंच. पाणी माझ्या हातात नव्हतं. पण फोनवरच्या माणसाला दुसरं कोण सापडणार? तो मलाच बोलायचा.

लोक विचारतात, असं एकदा काहीतरी मोठं घडलं असेल ना? नाही. एका बाईच्या सासूचं वर्षश्राद्ध होतं आणि घरात हंडाभरसुद्धा पाणी नव्हतं, ती रडली. एक निवृत्त गृहस्थ रोज ठरल्या वेळी फोन करून आधी माझं शिक्षण विचारायचे आणि मग तक्रार सांगायचे. असलेच सगळे. मी "हो सर, नोंद केली सर" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. आपल्याला राग येत नाही याचा मला अभिमानच होता.

मग एका रविवारी इडली खाताना माझी दाढ तुटली. इडली! नवरा हसायला लागला, मीही हसले. कामोठ्यात आमच्या सेक्टरमध्येच दातांचा दवाखाना आहे. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आत दिवा मारून बघितलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही दात खाता का?"

"म्हणजे?"

"दाढा घासून सपाट झाल्यात. तुम्ही दिवसासुद्धा जबडा आवळून बसता. आत्ताही आवळलाय बघा."

खरंच आवळला होता. मी तो सैल सोडला आणि रस्ता ओलांडेपर्यंत पुन्हा आवळला गेला होता. त्यांनी फॅमिली डॉक्टरना भेटायला सांगितलं. मी गेले नाही. छातीत धडधडायचं, तळहात गार पडायचे, जेवलेलं पचायचं नाही. पाळी जायचं वय आलंय, त्यामुळे होत असेल, असं मी स्वतःला समजावलं.

मुलगी पुण्याला शिकते. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी ती घरी यायची होती. मी पोळ्यांची कणीक मळत होते. समोर टेबलावर मोबाइल थरथरायला लागला. स्क्रीनवर तिचं नाव दिसत होतं. मी हात धुवायला हवे होते, नाहीतर नुसत्या कोपराने फोन स्पीकरवर टाकायला हवा होता. मी काहीच केलं नाही. परातीत हात तसेच ठेवून मी त्या फोनकडे बघत उभी राहिले. फोन थांबला. पुन्हा वाजला. असा पाच वेळा वाजला. प्रत्येक वेळी मला वाटत होतं, आता उचलते.

तासाभराने मुलगी रिक्षातून उतरली. एसटी स्टँडवर बसमधून उतरताना तिचा पाय मुरगळला होता. घोटा सुजून टम्म झाला होता आणि रिक्षावाल्याने तिची बॅग वर आणून दिली. मला दारात बघून तिने विचारलं, "आई, तू घरातच होतीस?"

"हो."

"मग?"

मी बर्फ आणायला आत गेले आणि फ्रिजचं दार उघडून तशीच उभी राहिले. तीच लंगडत आत आली. मला खुर्चीत बसवून म्हणाली, "उद्या आपण डॉक्टरांकडे जातोय. दोघी."

आमचे डॉक्टर पनवेलच्या जुन्या बाजारात बसतात. लेकीच्या घोट्याला पट्टा बांधून झाल्यावर त्यांनी मला बसवलं. थायरॉइड, साखर, कार्डिओग्राम सगळं करायला लावलं. चार दिवसांनी रिपोर्ट आले. सगळे नॉर्मल. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला अपमान.

"म्हणजे मी नाटक करते का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "नॉर्मल म्हणजे तुम्ही खोटं बोलताय असं नाही हो. हृदय चांगलं आहे, पण त्याला सारखा पळ म्हणून हुकूम जातोय. आपल्या मज्जासंस्थेचे दोन भाग असतात. एक अंगावर कुत्रं आलं की पळायला लावतो. तेव्हा छाती धडधडते, पोट बंद पडतं, जबडा आवळतो. दुसरा भाग, कुत्रं गेलं की सगळं जागेवर आणतो. तुमच्याकडे रोज किती फोन येतात?"

"शंभर तरी."

"म्हणजे शंभर कुत्री. दुसऱ्या भागाला कामाची संधी कधी मिळणार? आता नुसती रिंग वाजली तरी शरीराला कुत्रं दिसतं. लेकीचा फोन असला तरी."

त्यांनी महिनाभराच्या गोळ्या दिल्या, एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला आणि दोन गोष्टी सांगितल्या. संध्याकाळी अर्धा तास चालायचं, आणि श्वास घेताना चार आकडे, सोडताना आठ. सोडणं लांबलं की त्या दुसऱ्या भागाला निरोप पोचतो, असं ते म्हणाले.

चालणं जमलं. श्वास जमेना. डोळे मिटून मोजायला बसलं की मला वाटायचं, आठापर्यंत पोचणारच नाही. पाचलाच छाती भरून यायची आणि मी उठून भांडी घासायला लागायचे. समुपदेशक बाई शांतपणे म्हणाल्या, "नका करू मग. दुसरं काहीतरी सापडेल."

चालता चालता एका संध्याकाळी मी सेक्टर सोडून जुन्या गावाच्या बाजूला वळले. मैदानावर दहा-बारा मुली कबड्डी खेळत होत्या. कडेला शिट्टी घेऊन एक जाडगेली बाई उभी होती, पदर खोचलेला. तिने माझ्याकडे दोनदा बघितलं आणि ओरडली, "अगो, तू हायस काय?"

शाळेत असताना आम्ही एकाच संघात होतो. ती गावातली, मी पनवेलची. ती पकडीला, मी चढाईला. लग्नानंतर मी कामोठ्यातच राहायला आले, तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि वीस वर्षांत एकदाही तिच्याकडे गेले नव्हते.

"आमी रोज इथंच असतो," ती म्हणाली. "तूच नाय आलीस कदी. आन चेहऱ्याला काय झालंय तुज्या?"

मी सांगितलं. कसं कोण जाणे, सगळंच सांगितलं, दाढेपासून श्वासाच्या आकड्यांपर्यंत. तिने ऐकून घेतलं.

"मोजायला कशाला बसतेस? चल, चढाई कर."

"वेडी का? अठ्ठेचाळीस वर्षांची आहे मी."

"पलू नको. नुसता दम लाव. मध्यरेषेवरून जा आन परत ये."

मुली बाजूला झाल्या. मी चपला काढल्या. आवाज फुटायलाच वेळ लागला. मग "कबड्डी कबड्डी कबड्डी" म्हणत मी चार पावलं गेले आणि दम तुटला. तिने मोबाइलवर वेळ लावली होती.

"सात सेकंद," ती म्हणाली. "शालंत तीस जायची."

मुली हसल्या. मलाही हसू आलं आणि हसताना लक्षात आलं, जबडा सुटला होता.

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलले. "एका श्वासात जितका वेळ बोलता, तितका वेळ श्वास सोडताच आहात की. मी आठ म्हणालो, तुम्ही वीस करा. फक्त गुडघे सांभाळा."

मी रोज जायला लागले. पळत नव्हते, चालत चढाई करायचे. आवाज बाहेर जात असताना आपण श्वास सोडतोय हे ध्यानातच राहत नसे. महिन्याने बारा सेकंद झाले. तरी रिंगची भीती त्याने गेली नाही हेही सांगायला हवं. कार्यालयात सकाळी तेच फोन होते. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "ताण कुणाला नाही, मॅडम? मलाही आहे."

"मग तुम्हीही चिठ्ठी आणा," मी म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्या इमारतीत कुणाला तरी उलट बोलले होते. साहेबांनी चिठ्ठी ठेवून घेतली. पंधरा दिवसांनी नवीन व्यवस्था लागली. आम्ही तिघींनी आळीपाळीने दोन-दोन तास फोन घ्यायचा आणि मधल्या वेळात लेखी अर्जांच्या खिडकीवर बसायचं. बाकीच्या दोघींनी मला चहा पाजला. त्यातली एक म्हणाली, तिला गेली दोन वर्षं अर्धशिशी आहे. शेजारी बसून मला ते माहीत नव्हतं.

पावसाळ्याच्या आधी एकदा मैत्रीण चार दिवस मैदानावर आली नाही. मी तिच्या घरी गेले. आतल्या खोलीत कॉटवर तिचा नवरा होता. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, दीड वर्ष झालं. त्याच्याजवळ बसणारी नणंद गावाला गेली होती, म्हणून हिला निघता येत नव्हतं.

"तू बोलली नाहीस कधी," मी म्हणाले.

"तू तुजं सांगत होतीस ना. मला पन डॉक्टरनं तुज्यावानीच गोल्या दिल्यात." तिने पदराला हात पुसले. "तो एक तास मैदानावर जातं मी, तवा घर ध्यानात नसतं. तेवढंच."

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी मी मैदानावर जात नाही. ती जाते, मी तिच्या घरी बसते. तिचा नवरा फारसं बोलत नाही, शब्द निघायला त्याला कष्ट पडतात. टीव्हीचा आवाज बंद करून तो नुसती चित्रं बघतो. मला हाताला काम लागतं म्हणून ती मोड आलेले वाल भिजत ठेवून जाते. मी ते सोलत बसते. वाल सोलायला घाई चालत नाही, दाबला की दाणा फुटतो. परवा सोलून झाल्यावर मी वाडगा बाजूला ठेवला, तर त्याने डावा हात उचलून आत बोट दाखवलं. एका दाण्यावर साल राहिलं होतं. मी तो दाणा काढून सोलला, त्याला दाखवला आणि परत वाडग्यात टाकला. तो पुन्हा टीव्हीकडे बघायला लागला.