वर्षाची गोळी

“वर्षाचा खर्च विचारते! तुम्ही लोक वर्षाचं काय भरता गं? मीठ तरी?”

डॉक्टर हसला. केबिनचं दार उघडंच होतं, बाहेरच्या बाकावरचे पेशंटही हसले. आईनं मान खाली घातली. मी एवढंच विचारलं होतं, “डॉक्टर, आईची बीपीची गोळी वर्षाला कितीला पडंल, सांगा की.”

त्याच उन्हाळ्यात त्याच्या घरची वर्षाची चटणी आम्ही मायलेकींनी केली होती. मिरची किती, खोबरं किती, पोरगी हॉस्टेलला किती नेणार, सगळा अंदाज आईनं बोटांवर काढून दिला होता. तिचा अंदाज कधी चुकला नाही. आणि या माणसानं आम्हाला ओळखलंसुद्धा नाही.

तिथंच तोंडावर बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले. लाज वाटली, ती पण माझीच मला. खाली त्याच्याच औषधाच्या दुकानात आठवड्याच्या चौदा गोळ्या कापून घेतल्या. नऊ रुपयाला एक. सकाळी एक, संध्याकाळी एक.

पुढच्या आठवड्यात हातात पैसे कमी होते. आई म्हणाली, “सांजची ऱ्हाऊ दे. मला काय हुतंय?” मी राहू दिली. त्या आठवड्याला, मग दर आठवड्याला. ही चूक माझी. ती मी कुणाच्या अंगावर ढकलणार नाही.

दिवाळीच्या तोंडावर आई भाकरी थापताना कोसळली. उजवी बाजू गेली. अंदाज काढणारा हात गेला.

सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहिलं. म्हणाल्या, “मावशी, औषध तेच आहे. फक्त मोठ्या कंपनीचं नाव नाही. जेनेरिकच्या दुकानात घ्या.”

दोन रुपयाला एक.

दुकानाच्या पायरीवर बसून मी हिशेब केला, चटणीचा करतो तसाच. दिवसाला दोन, वर्षाला सातशे तीस. इथं चौदाशे साठ रुपये. तिथं साडेसहा हजारांच्या वर. चौदाशे साठ! दोन घरच्या चटणीची मजुरी. तेवढ्यासाठी माझ्या आईचा हात गेला. रडू आलं नाही. अंगाची नुसती आग झाली.

मार्चात डॉक्टरच्या बायकोचा फोन आला. “अगं, चटणी करायची आहे. किती मिरची आणू, आईला विचार ना.”

“आईचा हात गेलाय, वैनी. तुमच्या सायबांनी इचारलं हुतं, आमी वर्षाचं काय भरतो. सांगा त्यास्नी, गोळ्या भरतो. तुमची चटणी आता आमी करणार न्हाई.”

डंकावर मिरची कुटायला आलेल्या बायकांना मी आता सोडत नाही. पिशवीतली चिठ्ठी काढायला लावते. दिवसाचं वर्षाचं करून सांगते. मूळ नाव लिहून मागा म्हणते. एखादी घाबरते, “डॉक्टर वरडंल की!”

वरडू दे. मी येते संगं. दार उघडं ठेवूनच विचारायचं, आणि उत्तर मिळाल्याशिवाय खुर्चीवरनं उठायचं नाही.