आत्याचा हात नक्की कुठे भाजला?

माझ्या आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे त्या बेताने वागत. कुणाचं लग्न जमत असलं, कुणी नोकरी सोडणार असलं, की आत्या उंबरा ओलांडायच्या आत विषय बदलायचा. गल्लीत तिचं नाव 'दवंडी' पडलं होतं. ते नाव कोणी पाडलं, हेही तिनेच गल्लीभर सांगितलं होतं.

आतोबा बरोबर उलटे. "तुम्ही बोलत का नाही हो?" असं कुणी विचारलं, तर ते आत्याकडे बघत आणि उत्तर तीच देई.

आत्या एका मोठ्या लॉन्ड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे ढिगाने येत. धुतलेली ओली चादर दोन तापलेल्या रोलरांमध्ये सोडायची, की पलीकडून ती कोरडी, कडक होऊन बाहेर पडे. चादरीची कड रोलरच्या तोंडात द्यायचं काम आत्याचं. त्या तोंडासमोर खरं तर एक जाळी असायची. हात जरा जास्त पुढे गेला, की जाळीला लागे आणि मशीन आपोआप बंद पडे. पण मशीन बंद पडलं, की मुकादमाच्या छातीत कळ येई. "कोपर लागलं तरी थांबतंय, मग चादरी काय माझ्या डोक्यावर वाळवायच्या?" असं म्हणून त्याने जाळी काढायला लावली, आपल्या खोलीच्या खिडकीशी टेकवली आणि तिच्यावर स्वतःचे टॉवेल वाळत घालायला लागला.

एका दुपारी चादर आत जाताना दुमडली. ती सरळ करायला आत्याने हात पुढे केला आणि रोलरने चादरीबरोबर बोटंही ओढून घेतली. शेजारी एक ताडमाड उंच मुलगी काम करायची. तिला सगळ्या 'शिडी' म्हणत. तिने झेप घेऊन लाल बटण दाबलं. हात बाहेर निघाला तेव्हा तळवा लालबुंद झाला होता आणि दोन बोटं चेपली होती.

मुकादम धावत आला, तो टूथपेस्टची ट्यूब घेऊन. "हे लावा, लगेच थंड वाटेल."

शिडीने ट्यूब बाजूला सारली आणि आत्याचा हात नळाखाली धरला. "भाजल्यावर गार पाणी. दुसरं काही नाही."

"अगं, किती वेळ? पाणी वाया चाललंय," मुकादम म्हणाला. ज्या कारखान्यात सकाळ-संध्याकाळ पाण्याचे लोट गटारात जात, तिथे त्याला पाण्याची दया यायला नेमकी तीच वेळ सापडली.

आत्या रडत होती आणि रडता रडता सांगत होती. चादर कशी दुमडली, जाळी कशी नव्हती, टॉवेल कुणाचे होते. वरच्या मजल्यावरच्या बायका जिन्यात येऊन ऐकून गेल्या.

"आधी अपघाताच्या वहीत नोंद करा," शिडीने मुकादमाला म्हटलं.

"आधी माणूस, मग वही," मुकादम म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून 'माणूस' हा शब्द सगळ्यांनी पहिल्यांदाच ऐकला.

त्याने आत्याला कारखान्याच्या गाडीत बसवलं. शिडी न विचारताच मागे चढली, म्हणून पुढचं सगळं आम्हाला कळलं. नाहीतरी कळलंच असतं म्हणा.

"हे बघा बाई," मुकादम गोड आवाजात म्हणाला, "डॉक्टरांना सांगायचं, घरी इस्त्री करताना भाजलं."

"आमच्याकडे इस्त्री नाही," आत्या कण्हत म्हणाली. "ह्यांचे शर्ट गादीखाली घालते मी."

"मग तवा म्हणा."

"तव्याने बोटं चेपतात होय?"

"बरं, दारात सापडली म्हणा."

"आणि ते दार काय चुलीवर ठेवलं होतं?"

मुकादम खिडकीबाहेर बघायला लागला. घरातल्या वस्तू संपल्या होत्या.

दवाखाना कारखान्याच्या ओळखीतला होता. बाहेर बरीच गर्दी होती आणि मुकादमाचं नशीब फुटकं, म्हणून नंबर उशिरा आला. तेवढ्या वेळात खोकल्याचे, तापाचे आणि पाय मुरगळलेले सगळे पेशंट आत्याची हकिकत ऐकून बरे व्हायला लागले होते. डॉक्टरांनी दारातूनच विचारलं, "काय झालं बाईंना?"

"घरी जरा..." मुकादमाने सुरुवात केली.

"रोलर!" बाकावरचे सगळे एकदम म्हणाले. एका खोकणाऱ्या आजोबांनी तर "जाळी नव्हती" हेही पुढे जोडलं.

डॉक्टरांनी मुकादमाकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं आणि कामावर रोलरमध्ये हात सापडल्याचं कागदावर लिहून टाकलं. एवढ्या साक्षीदारांसमोर दुसरं काही लिहायची त्यांची छाती झाली नाही. शिडीने तो कागद उचलून आत्याच्या पिशवीत घातला. मुकादमाचा हात वाटेतच राहिला.

मग मॅनेजर साहेब घरी आले. सफरचंदांची करंडी घेऊन, आवाजात साखर घोळून. घरातल्या एकुलत्या एका खुर्चीत बसून म्हणाले, "ताई, कारखाना म्हणजे एक कुटुंब आहे."

"हो ना," आत्या म्हणाली. "मग कुटुंबातलं कुणी हात कसा आहे ते विचारेल का?"

साहेबांनी घाईघाईने हात कसा आहे ते विचारलं आणि उत्तर यायच्या आत खिशातून कागद काढला. त्या कागदात अपघात कामाच्या वेळेबाहेर सरकला होता. आत्या म्हणे सुट्टीच्या वेळात, काही काम नसताना, आपल्या मर्जीने मशीनजवळ गेली होती. अजून दोन कागद झाले असते, तर तो अपघात दुसऱ्या कुणाच्या कारखान्यात झाला असता.

"इथे फक्त सही करा. पगाराचं बघू आपण."

आत्याने बँडेजमधला हात वर केला.

"मग अंगठा चालेल," साहेब म्हणाले. उजवा अंगठाही पट्टीतच होता. "डावा द्या. डाव्यानेही चालतं."

भिंतीला टेकून बसलेल्या आतोबांनी घसा खाकरला. आम्ही सगळे चमकून बघायला लागलो.

"डाव्या अंगठ्याला यातलं काही माहीत नाही साहेब," आतोबा म्हणाले. "तो तिथे नव्हता."

साहेब उठले. करंडी तशीच राहिली. ती कुणी आणली आणि कशासाठी, हे अंधार पडायच्या आत गल्लीत सगळ्यांना माहीत झालं होतं. सफरचंद खाता खाताच माहीत झालं.

आमच्या नातेवाइकांनीही आपला वाटा उचलला. थोरल्या काकांचं म्हणणं, "पाण्यात राहून माशाशी वैर नको." त्यांनी स्वतः आयुष्यात ना पाण्यात पाय घातला, ना कुठे नोकरी केली. मामी म्हणाल्या, "तू जरा कमी बोलली असतीस, तर त्यांनीच काहीतरी दिलं असतं." आत्याने दोघांचंही ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शिडीला घेऊन कामगार कार्यालयात गेली. सोबत डॉक्टरांचा कागद होता आणि तोंड होतं.

तिथून एक निरीक्षक साहेब लॉन्ड्रीत तपासणीला आले. आले तेच जांभया देत. आत्याही गेली होती, शिडीही होती. रोलरसमोर जाळी दिमाखात उभी होती, हिरवीगार.

"ही पहिल्यापासूनच आहे साहेब," मुकादम हात जोडून म्हणाला. "बाईंचंच लक्ष नव्हतं."

"हं," निरीक्षक म्हणाले. जाळी आहे, म्हणजे प्रश्न मिटला, अशी त्यांची समजूत झालेली दिसत होती. आत्या बोट दाखवून पोटतिडकीने सांगत होती, तेव्हा ते घड्याळात बघत होते. मग जांभई देता देता ते जाळीला टेकले.

सरळ झाले तेव्हा पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या बाहीवर हिरवी चौकट उमटली होती. रंग ओला होता.

"पहिल्यापासून?" निरीक्षक बाही ताणून बघत म्हणाले. त्यांची झोप पार उडाली होती. "पहिल्यापासून काय? नवा शर्ट आहे हा!"

मग मात्र त्यांनी एकेका बाईला बोलावून विचारलं, फोटो काढले, मुकादमाची खोली पाहिली, सगळं लिहून घेतलं. जे काम आत्याच्या दोन बोटांनी झालं नव्हतं, ते साहेबांच्या एका बाहीने झालं.

पुढे फेऱ्या बऱ्याच झाल्या, तारखा पडल्या, पण भरपाई मिळाली. दवाखान्याचा खर्च आणि घरी बसलेल्या दिवसांचा पगारही मिळाला. मुकादमाचं काय झालं, तर त्याला दुसऱ्या शाखेत पाठवलं आणि तिथे सुरक्षेचा प्रमुख केलं. त्याच्या हाताखाली जे कुणी काम करत असतील, त्यांनी आपली बोटं आपणच जपावीत.

आत्याला हलकं काम द्या, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. तिचा आवाज कुणाच्या कानावर पडू नये, म्हणून मॅनेजर साहेबांनी तिला अगदी मागच्या गोदामात बसवलं. चादरींत राहून गेलेले चष्मे, मोजे, किल्ल्या वेगळ्या करायच्या. आता नवीन लागलेल्या बायका जेवणाचा डबा घेऊन तिथेच जमतात.

एक बोट मात्र वाकडंच राहिलं. रबरी चेंडू दाबायचा व्यायाम सांगितलाय, तो ती दातओठ खात करते. थंडीत ते ठणकतं, हे ती कुणाला सांगत नाही. मला आतोबांनी सांगितलं. सकाळी तिची वेणी आता तेच घालतात. पहिल्या दिवशी घातलेली वेणी दोराला गाठ मारावी तशी झाली होती, आणि आत्या ती तशीच मिरवत कामावर गेली.