मिस्त्रीच्या एकशेचाळीस झडपा

मिस्त्री माणूस कसा म्हणशील, तर हाताने देव आणि तोंडाने फटाका. पाळण्यापासून फडताळापर्यंत काय म्हणशील ते करायचा, पण कुणी त्याच्या कामाला बोट लावलं की पेटलाच. आणि एक खोड होती त्याला. नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक काढू द्यायचा नाही. घरातल्या सोफ्याला नऊ वर्षं झाली, तरी प्लॅस्टिक तसंच. बायको आल्यागेल्याला सांगायची, "सोफ्याचा रंग कुठला ते ह्यांना विचारा हो, मी अजून पाहिला नाही." उन्हाळ्यात पाहुणा उठायला लागला की चर्रर्र आवाज यायचा, बिचारा लाजून अर्धमेला. मिस्त्री आपला म्हणायचा, "वस्तू जपावी, म्हणजे ती आपल्याला जपते."

अशा माणसाला नव्या हॉलचं काम मिळालं, नाटकाच्या आणि गाण्याच्या. साधासुधा हॉल नव्हे हं. बटण दाबलं की स्टेजचा पुढचा तुकडा खाली जायचा, वाजवणाऱ्यांना बसायला. पुढच्या खुर्च्या रुळावरून मागे सरकायच्या. आणि दोन्ही भिंतींवर मिस्त्रीच्या झडपा, एकशेचाळीस. एका अंगाला गुळगुळीत लाकूड, दुसऱ्या अंगाला जाडं कापड, आत कापूस. गाणं असलं की लाकूड बाहेर करायचं, सूर कसा भरून राहतो. भाषण असलं, नाटक असलं की फिरवून कापड बाहेर, म्हणजे शब्दावर शब्द चढत नाही. दोन वर्षं घातली त्याने त्यात. रात्री झोपेतसुद्धा हात फिरवायचा म्हणे, झडप फिरवल्यासारखा.

उद्घाटनाला आठ दिवस राहिले तेव्हा इंजिनियरबाई आवाज मोजायला आल्या. पोरीच्या वयाच्या, पण हुशार. मधोमध मशीन ठेवलं, झडपांचं कापड बाहेर केलं आणि फुगा फोडला. झालं! आवाज आपला घुमतोय, घुमतोय, संपायचं नाव नाही.

"मिस्त्रीकाका, तुमच्या झडपा आवाज पीत नाहीत."

"माझ्या? बाई, तुमचं मशीनच उपाशी असेल, बघा जरा."

"चार वेळा मोजलं हो. उद्यापर्यंत वाट बघते. नाहीच जमलं तर सगळ्या खिळे मारून बंद करू आणि वरून जाड कापड चिकटवू."

"आणि गाण्याचं काय?"

"गाणं मेल्यासारखं वाटेल. निदान भाषण तरी कळेल."

 दुसऱ्या दिवशी सकाळपासून मिस्त्रीने एकेक झडप तपासली. फटीत बोटं घातली, कापूस दाबून बघितला. कुठे काही नाही. दुपारी थकून मधल्या रांगेत खुर्चीवर बसला आणि रागाने पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात आपटला. फाट! कडक आवाज. शेजारच्या खुर्चीवर आपटला, तर धप. मऊ, आतल्या आत. पुन्हा ह्यावर, पुन्हा त्यावर. फाट, धप. फाट, धप. त्या शेजारच्या खुर्चीचं प्लॅस्टिक रंगाऱ्याने डब्याखाली अंथरायला फाडून नेलं होतं. बाकीच्या आठशे खुर्च्या अजून प्लॅस्टिकमध्ये. आणि कुणी ठेवल्या होत्या तशा? ह्यानेच! "भुसा उडतो, रंग उडतो, प्लॅस्टिक काढेल त्याचा हात काढीन," असं सगळ्यांना बजावलं होतं. रंगाऱ्याला तर आदल्याच दिवशी शिव्या घातल्या होत्या.

आता गुपचूप काढावं तर आठशे खुर्च्या, लपणार कशा? आणि गप्प बसावं तर झडपांना खिळे.  शेवटी मिस्त्री उठला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बाई, दोष झडपांचा नाही. माझा आहे. आवाज प्यायच्या खुर्च्यांच्या गाद्या, त्या मीच प्लॅस्टिकमध्ये कोंडल्या." आणि दोन्ही खुर्च्यांवर हात आपटून दाखवला.

बाईंनी कपाळावर हात मारला. "काखेत कळसा नि गावाला वळसा! ह्याच खुर्च्यांमधून चार वेळा फिरले की हो मी. भिंतीच बघत बसले."

शिडीवरून रंगारी ओरडला, "काय मिस्त्री, काल माझा हात काढणार होतास ना?"

"ये खाली. त्या हाताचं काम आहे. मागच्या दहा रांगा तुझ्या."

सगळे लागले कामाला. प्लॅस्टिकचा ढीग माणसाएवढा झाला. संध्याकाळी बाईंनी फुगा फोडला. फट्! आणि संपलं.  मग मिस्त्रीने झडपा फिरवून लाकूड बाहेर केलं. बाई म्हणाल्या, "गा बरं कुणीतरी." जो तो दुसऱ्याला पुढे ढकलायला लागला. शेवटी रंगाऱ्याने लाजत लाजत एक ओळ म्हटली. त्याचा तो फाटका गळा, पण सूर असा गोल होऊन शेवटच्या रांगेपर्यंत गेला की तोच दचकला. "हा मीच का रे?"

बाईंनी मशीनकडे पाहिलं. "छान आहे, काका. फक्त मागच्या कोपऱ्यातल्या अठरा झडपांत कापूस थोडा कमी पडतोय."

एरवी कुणी असं म्हटलं असतं तर मिस्त्रीने त्याला फाडून खाल्लं असतं. आज म्हणाला, "अठराच ना? आत्ता लागतो." शिडी उचलली, कोपऱ्यात लावली, वर चढला आणि स्क्रू ढिला करता करता खाली बघून रंगाऱ्याला म्हणाला, "ए, थांबलास का? गात राहा. इथून कसं ऐकू येतं ते बघू दे मला."